मुन्सफीची खुर्ची सोडणारे दादासाहेब खापर्डे

वऱ्हाडातील ज्या जुन्या पुरुषांची नावे अद्यापि घरोघर ठाऊक आहेत, त्यांत अमरावतीचे कै. गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे यांचे नाव अग्रभागी येते. कोणी त्यांस लोकमान्य टिळकांचे निकटचे स्नेही म्हणून ओळखतो, कोणी शिर्डीस दीर्घकाळ राहिलेले भाविक म्हणून, तर कोणास ते केवळ वऱ्हाडचे नवाब या त्यांच्या लोकप्रसिद्ध उपाधीनेच ठाऊक असतात. परंतु हे गृहस्थ एके काळी सरकारी न्यायाधीश होते, आणि ऐन पस्तिशी ओलांडताना ती खुर्ची सोडून लोकांच्या मताच्या भरवशावर पुढे आले, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आम्हास त्यांच्या चरित्रातील हीच गोष्ट सर्वांत विचारार्ह वाटते, म्हणून तिच्याच अनुरोधाने त्यांचे अल्प चरित्र येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

न्यायाधीश कोणी नेमावा, राजाने की प्रजेने, हा प्रश्न आमच्या बालवाचकांस चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे न्यायाधीश हा सदैव वरून नेमला गेलेला आहे. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकात निराळाच प्रघात पडला. मिसिसिपी संस्थानाने १८३२ साली आपले सर्व न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडावयाचे ठरविले. न्यूयॉर्कने १८४६ च्या घटनेत तोच मार्ग धरला, आणि त्यामागून अनेक संस्थाने त्याच वाटेने गेली. यातून कसे अटीतटीचे प्रसंग उद्भवत, त्याचे एक उदाहरण विस्कॉन्सिन संस्थानात घडले. जोशुआ ग्लोव्हर नामक एक निग्रो गुलाम मालकाच्या जाचातून पळून त्या संस्थानात आला होता. १८५४ साली त्यास पकडून मिलवॉकीच्या तुरुंगात घातले, तेव्हा जमावाने तुरुंग फोडून त्याची मुक्तता केली. या प्रकरणी शर्मन बूथ नामक संपादकावर खटला झाला व बायरन पेन या तरुण वकिलाने त्याची बाजू मांडली. संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयाने बूथ यास सोडले, पण मार्च १८५९ मध्ये संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. पुढच्याच महिन्यात विस्कॉन्सिनच्या न्यायासनावरील एका जागेची निवडणूक होती. तीत हाच पेन उभा राहिला, पळालेल्या गुलामांस परत धरून देणारा कायदा मानावा की न मानावा या एकाच प्रश्नावर सारे संस्थान दुभंगले, आणि चुरशीच्या लढतीत पेन निवडून आला. आरोपीचा वकील लोकांच्या मतांनी न्यायासनावर जाऊन बसला.

आमच्या वऱ्हाडात याच्या नेमके उलट घडले. येथे न्यायासनावर बसलेला पुरुष खाली उतरून आरोपींचा वकील व लोकांचा उमेदवार झाला. योगायोग असा की, ज्या १८५४ साली मिलवॉकीचा तुरुंग फुटला, त्याच साली, २७ ऑगस्ट रोजी, वऱ्हाडातील इंग्रोळी या गावी गणेशपंतांचा जन्म झाला.

वऱ्हाडची त्या वेळची स्थिती ठाऊक असल्यावाचून पुढील कथा उमगणार नाही. हा प्रांत निजामाचा. १८५३ च्या तहाने निजामाने तो हैदराबादच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या हवाली केला. धनीपण निजामाचे, कारभार इंग्रजांचा, आणि शेतात कापूस पिकविणारा कुणबी दोघांचाही रयत, असा हा तिपेडी संसार होता. मुंबईच्या हायकोर्टाचा येथे अंमल नव्हता. येथला वरिष्ठ न्यायाधिकारी म्हणजे ज्युडिशियल कमिशनर, आणि त्याच्याही वरचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हाती. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा देखील येथे आपोआप लागू होत नसे. तो निराळ्या हुकुमाने लागू करावा लागे. १९०२ साली निजामाने पंचवीस लक्ष रुपये वार्षिक खंडाने हा प्रांत कायमचा इंग्रजांस लावून दिला व पुढील वर्षी तो मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला. तरी कागदोपत्री धनी निजामच राहिला. या एका कलमाचा दादासाहेबांच्या आयुष्यावर शेवटपर्यंत परिणाम झाला, तो पुढे येईलच.

गणेशपंतांनी प्रारंभीचे शिक्षण संपवून मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज गाठले. संस्कृत व इंग्रजी वाङ्मय हे त्यांचे आवडीचे विषय. संस्कृताची गोडी तर अशी की, उत्तर वयात वकिली व राजकारण यांच्या धकाधकीतही वेदान्ताचे ग्रंथ त्यांच्या हातून सुटले नाहीत. १८७७ साली ते बी. ए. झाले व १८८४ साली त्यांनी एल्एल्. बी. ची पदवी मिळविली. त्या काळी वऱ्हाडात अशी पदवी धारण करणारे एतद्देशीय गृहस्थ बोटांवर मोजण्याइतकेच असत, आणि अशांस सरकारी नोकरीचे दार उघडे असे. १८८५ पासून १८९० पर्यंत गणेशपंतांनी वऱ्हाडात मुन्सफ व एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर या जागांवर काम केले.

या दोन हुद्द्यांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. मुन्सफ दिवाणी दाव्यांचा निवाडा करी. सावकाराचे खत, शेताचा बांध, वडिलार्जित वाड्याची वाटणी, असे तंटे त्याच्यापुढे येत. असिस्टंट कमिशनरच्या अंगी मात्र दोन जीव असत. तोच मुलुखाचा बंदोबस्त पाही आणि तोच मॅजिस्ट्रेट म्हणून आरोपीस शिक्षा सांगे. ज्याने गुन्हेगार पकडवावयाचा त्यानेच तो गुन्हेगार आहे की नाही हे ठरवावयाचे, ही ती व्यवस्था. राष्ट्रीय सभेने आपल्या आरंभीच्या वर्षांपासून न्याय व अंमल ही दोन खाती विभक्त करण्याची मागणी वर्षानुवर्षे केली. ती मागणी करणाऱ्यांतील बहुतेकांनी ही व्यवस्था वकिलाच्या बाकावरून पाहिली होती. खापर्ड्यांनी ती खुर्चीवर बसून पाहिली होती. त्यांच्या मनात त्या वेळी काय चालले होते हे आम्ही येथे कल्पनेने रंगवीत नाही. इतके खरे की, १८९० साली त्यांनी सरकारी चाकरी सोडली व अमरावतीस वकिली आरंभिली. ज्या खुर्चीसाठी लोक वर्षानुवर्षे साहेबांच्या बंगल्याच्या पायऱ्या झिजवीत, ती आपण होऊन टाकणारा मनुष्य त्या काळच्या अमरावतीस वेडाच वाटला असल्यास नवल नाही.

वकिली अपेक्षेपेक्षा अधिक चालली. कापसाच्या व्यापाराने अमरावती भरभराटीस आली होती. अडत्ये, सावकार, मालगुजार आणि वतनदार यांच्या दाव्यांस तोटा नव्हता. पैसा आला तसाच गेला. पाहुण्यांची पंगत, गाड्याघोडे, गवई, नाटकवाले, विद्यार्थी व याचक यांनी दादासाहेबांचा वाडा सदैव गजबजलेला असे, आणि नवाब ही पदवी त्यांस लोकांनी दिली ती काही उगाच नव्हे. काटकसर हा सद्गुण आम्ही या पृष्ठांवरून विद्यार्थ्यांस अनेकदा सांगितला आहे. दादासाहेबांचे उदाहरण त्या कामी उपयोगी पडणार नाही हे मोकळेपणाने सांगितलेले बरे.

त्याच अमरावतीच्या वकीलवर्गात आणखी दोन मोठी माणसे होती. एक रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकर, व दुसरे मोरोपंत जोशी, जे पुढे सर मोरोपंत झाले आणि ज्यांनी मध्यप्रांत सरकारात गृहखाते सांभाळले. मुधोळकर दादासाहेबांहून तीन वर्षांनी लहान. १८९० साली राष्ट्रीय सभेच्या वतीने जे शिष्टमंडळ विलायतेस गेले त्यात सुरेन्द्रनाथ बानर्जी यांच्यासमवेत ते होते, आणि १९१२ साली बांकीपूर येथील राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद त्यांस लाभले. एकाच गावचे, एकाच धंद्यातले, एकाच सभेतले हे पुरुष पुढे मवाळ व जहाल अशा दोन तटांत विभागले गेले. तथापि अमरावतीच्या सार्वजनिक कार्याचा पाया दोघांनी मिळूनच घातला, हे विसरता कामा नये.

लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावाने नगरपालिका व लोकल बोर्डे यांत निवडणुकीचा प्रवेश झाला होता. या निवडणुका आजच्यासारख्या नव्हत्या. कर भरणाऱ्या मोजक्या लोकांस मत असे. स्त्रियांस, भूमिहीन मजुरास, ज्यांस अस्पृश्य म्हणून वेशीबाहेर ठेवले होते त्यांस तेथे कोण विचारतो! मतदार थोडे, सारे एकमेकांस ओळखणारे, अशा ठिकाणी दोनचार घरांचा रुसवादेखील उमेदवाराचे पारडे फिरवीत असे. अशा मैदानात दादासाहेब उतरले, व अमरावती नगरपालिकेचे उपाध्यक्ष आणि जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी काम केले. ज्यांच्या दाव्यांचा निकाल काल सांगितला, त्यांच्याच दारी आज मत मागावयास जावे लागणे, यास मनाची मोठी तयारी लागते. आम्हास वाटते, दादासाहेबांस ती तयारी त्यांच्या विनोदबुद्धीने दिली. त्यांचे भाषण खुसखुशीत असे, व सभा हसवीत हसवीत आपल्याकडे वळवून घेण्यात त्यांचा हातखंडा होता.

१८९७ साल हे त्यांच्या आयुष्यातील मोठ्या कसोटीचे ठरले. त्या साली राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले आणि स्वागतमंडळाचे अध्यक्षपद दादासाहेबांकडे आले. साल कसे होते! मागील वर्षाचा दुष्काळ अद्याप ओसरला नव्हता, मुंबई-पुण्यास प्लेगने थैमान मांडले होते, पुण्यात रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांचे खून पडले होते, नातूबंधू विनाचौकशी स्थानबद्ध झाले होते, आणि खुद्द टिळकांस राजद्रोहाच्या आरोपाखाली १४ सप्टेंबर रोजी अठरा महिन्यांची सक्तमजुरी ठोठावण्यात आली होती. त्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी राजद्रोहाच्या कलमाचा असा अर्थ लाविला की, सरकारविषयी प्रीतीचा अभाव असणे हाच अपराध ठरावा. पंचांची मते पडली ती सहा विरुद्ध तीन अशी. सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी पंचांनी निर्दोष. न्यायालयातही अखेर मतेच मोजली जातात, आणि ती कोणाची मोजावयाची हे आधी ठरलेले असते, ही गोष्ट त्या दिवशी साऱ्या हिंदुस्थानास कळली.

अशा वेळी राष्ट्रीय सभेस आपल्या गावी बोलावणे म्हणजे सरकारची वक्रदृष्टी अंगणात बोलावणे होते. शिवाय अमरावती काही मुंबई-कलकत्ता नव्हे. बडनेऱ्याहून निघालेल्या आगगाडीच्या फाट्यावरचे हे कापसाचे शहर. देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणाऱ्या प्रतिनिधींची राहण्याजेवणाची सोय येथे व्हावयाची, तीही प्लेगच्या भीतीने प्रवास अवघड झाला असता. तरी डिसेंबरच्या अखेरीस सभा भरली व यथास्थित पार पडली. मद्रासचे शंकरन् नायर हे अध्यक्ष होते. पुढे हेच गृहस्थ मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. न्यायासन सोडून आलेला स्वागताध्यक्ष आणि न्यायासनाकडे वाटचाल करणारा अध्यक्ष एकाच व्यासपीठावर बसलेले अमरावतीकरांनी पाहिले. सुरेन्द्रनाथ बानर्जींनी आपल्या भाषणात टिळकांच्या शिक्षेविषयी दुःख प्रकट केले तेव्हा सारा मंडप उभा राहिला होता. टिळक त्या वेळी तुरुंगात होते. त्यांच्या मित्राने बांधलेल्या मंडपात त्यांचा हा सन्मान झाला.

टिळकांचा हा स्नेह दादासाहेबांस केवढ्यास पडला, याचे प्रत्यंतर त्याच साली सुरू झालेल्या दुसऱ्या एका प्रकरणात येते. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दुःसह प्रसंग तोच होय. पुण्याचे श्रीबाबामहाराज हे मोठे इनामदार सरदार ऑगस्ट १८९७ मध्ये निवर्तले. मरणापूर्वी त्यांनी मृत्युपत्र करून आपल्या इस्टेटीची व्यवस्था काही विश्वस्तांच्या हाती सोपविली. त्यांत टिळक होते व खापर्डेही होते. पुढे वंश खुंटू नये म्हणून विधवा ताईमहाराजांच्या मांडीवर दत्तक देण्याचे ठरले. त्यासाठी जून १९०१ मध्ये टिळक व खापर्डे ताईमहाराजांसह औरंगाबादेस गेले, आणि तेथे जगन्नाथ नामक मुलाचे दत्तविधान झाले. परंतु पुण्यास परतल्यावर ताईमहाराजांचे मन फिरले. हे दत्तविधान खरे झालेच नाही असे त्या म्हणू लागल्या व त्यांनी कोल्हापूरकडील दुसरा मुलगा दत्तक घेतला. तेथून जो कज्जा पेटला तो चौदा वर्षे विझला नाही.

अॅस्टन नामक न्यायाधीशाने टिळकांचे प्रोबेट रद्द केले, इतकेच नव्हे तर त्यांच्यावर खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटला उभा राहिला. त्यात खालच्या कोर्टात शिक्षाही झाली. १९०४ साली हायकोर्टाने त्यांस निर्दोष सोडले. दत्तकाचा दिवाणी दावा निराळा चालू होता. पुण्याच्या कोर्टाने १९०६ साली जगन्नाथाच्या बाजूने निकाल दिला, पण १९१० साली मुंबई हायकोर्टात तो फिरला. न्यायमूर्ती चंदावरकर व हीटन यांस औरंगाबादची हकीकत पटली नाही. हकीकत पटली नाही याचा अर्थ उघड होता. ती सांगणारे टिळक व खापर्डे हे खोटे बोलले.

विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबून या गोष्टीचा विचार करावा. ज्या पुरुषाने स्वतः पाच वर्षे साक्षीदारांच्या जबान्या तोलल्या, खरे कोण व खोटे कोण हे ठरविले, त्याचीच जबानी आता वरिष्ठ न्यायालयाने अविश्वसनीय ठरविली होती. वकिलास पैशाचे नुकसान सोसते. शब्दाचे सोसत नाही. त्याच्या प्रत्येक अशिलास, प्रत्येक प्रतिपक्षास, ज्यांच्यापुढे तो उभा राहतो त्या प्रत्येक न्यायाधीशास तो निकाल ठाऊक असतो. पाच वर्षे दादासाहेबांनी हा डाग वागविला. अखेर १९१५ साली विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलने हायकोर्टाचा निकाल रद्द करून जगन्नाथाचे दत्तविधान खरे ठरविले, आणि एवढ्या प्रतिष्ठित माणसांनी मिळून खोट्याचा कट केला असे मानण्यास आधार नाही, असा अभिप्राय दिला. तोपर्यंत दादासाहेबांनी साठी गाठली होती.

मधल्या काळात राजकारणाने रंग पालटले. १९०७ ची राष्ट्रीय सभा नागपुरास भरावयाची होती. अध्यक्ष कोण, यावरून स्वागतमंडळात जी निवडणूक माजली, तिच्याइतकी चुरस मध्यप्रांत-वऱ्हाडात तोपर्यंत क्वचितच दिसली असेल. डॉक्टर मुंजे प्रभृति जहाल मंडळींस टिळक हवे होते. गंगाधरराव चिटणवीस प्रभृति मवाळांस ते नको होते. नियम असा की, स्वागतमंडळाच्या तीन-चतुर्थांश मतांवाचून अध्यक्ष ठरावयाचा नाही. जहालांजवळ बहुमत होते, तीन-चतुर्थांश नव्हते. मग वर्गणी भरून नवे सभासद करण्याची दोन्हीकडून धांदल, एकमेकांच्या सभासदांवर हरकती, आणि सप्टेंबरात भरलेल्या सभेत गोंधळ व दंगा! शेवटी वरिष्ठांनी अधिवेशनच नागपुराहून उचलून सुरतेस नेले. तेथे रासबिहारी घोष यांच्या निवडीवरून काय झाले, जोडा कसा फेकला गेला व सभा कशी उधळली, हे इतिहासाच्या पुस्तकांत सर्वांनी वाचलेले आहे. दादासाहेब सुरतेस टिळकांच्या तटात होते, मुधोळकर विरुद्ध तटात. अमरावतीच्या एकाच कोर्टात रोज समोरासमोर उभे राहणारे हे दोन गृहस्थ सुरतेच्या मंडपातही समोरासमोरच होते. आमचे मत विचाराल तर नागपुरात दोन्ही पक्षांचे चुकले. थोड्याशा मतांनी हरलेल्याने हार मानावी आणि थोड्याशा मतांनी जिंकलेल्याने हरलेल्यास जागा ठेवावी, हा निवडणुकीचा प्राण आहे. तो तेथे कोणालाच सापडला नाही.

१९०८ च्या जूनमध्ये टिळकांस पुन्हा पकडण्यात आले. त्यापूर्वी अकोल्यास झालेल्या शिवजयंतीच्या उत्सवात टिळक व दादासाहेब एकत्र होते, ती आठवण अकोला-शेगावकडील भाविक लोक अद्यापि सांगतात. मुंबईस खटला चालला तो न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे. दैवाची गती पाहा. १८९७ साली टिळकांस जामिनावर सोडवावे म्हणून न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे बोलणारे बॅरिस्टर हेच दावर होते. त्या वेळी जामीन मिळाला. आता न्यायासनावर बसलेल्या दावरांनी जामीन नाकारला. पंचांची मते सात विरुद्ध दोन अशी पडली व टिळकांस सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. वकिलीतून न्यायासनावर गेलेला एक पुरुष आणि न्यायासनावरून वकिलीत आलेला दुसरा, असे हे दोन आयुष्यक्रम टिळकांच्या खटल्यापाशी एकमेकांस छेदून गेले.

दादासाहेबांनी मग जे केले ते असाधारण होते. चौपन्नाव्या वर्षी, चालती वकिली बंद ठेवून, ते विलायतेस निघाले. प्रिव्ही कौन्सिलात अपिलाची परवानगी मिळवावी, पार्लमेंटच्या सभासदांच्या कानी हे प्रकरण घालावे, यासाठी दोन वर्षे त्यांनी लंडनात काढली. परवानगी नाकारण्यात आली. १९१० च्या उत्तरार्धात ते रिकाम्या हाताने परतले. पण थेट अमरावतीस घरी न येता आधी ब्रह्मदेशात जाऊन मंडालेच्या तुरुंगात टिळकांस भेटले. मित्राचे काम झाले नाही हे मित्रास स्वमुखाने सांगण्यासाठी एवढा समुद्रप्रवास करणारी माणसे थोडी. त्याच साली इकडे मुंबई हायकोर्टाचा पूर्वोक्त निकाल लागला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वर्षाचा भार कळून येतो.

यानंतर लवकरच, डिसेंबर १९१० मध्ये, ते प्रथम शिर्डीस साईबाबांच्या दर्शनास गेले, आणि पुढच्या वर्षाअखेर पुन्हा जाऊन तीन महिन्यांहून अधिक काळ तेथे राहिले. तेथील दिनक्रम त्यांनी आपल्या इंग्रजी रोजनिशीत टिपून ठेविला आहे. पंचदशीसारख्या वेदान्तग्रंथाचे वाचन तेथे मंडळीसमवेत चाले. याविषयी अधिक लिहिण्याचे हे स्थळ नव्हे. नाट्यकलेवरील त्यांच्या लोभाविषयीही एकच गोष्ट सांगतो. १९०५ साली मुंबईस पहिले मराठी नाट्यसंमेलन भरले त्याचे अध्यक्ष दादासाहेब खापर्डे होते.

टिळक १९१४ साली सुटून आले व १९१६ साली होमरूल संघ स्थापन झाला, त्यात दादासाहेब पुनश्च पुढे होते. पुढे ते बड्या लाटसाहेबांच्या कायदे कौन्सिलात बसले, आणि १९१९ साली रौलट बिले आली तेव्हा त्यांनी विरोध केला. विनाचौकशी स्थानबद्धता आणि पंचांवाचून खटले, हे त्या बिलांचे सार होते. एका जुन्या मुन्सफास त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. सरकारी सभासदांच्या संख्याबळावर बिल मंजूर झाले.

पुढील वर्षी, १ ऑगस्ट १९२० रोजी, टिळक वारले आणि महात्मा गांधींनी असहकारितेची हाक दिली. वकिलांनी कोर्टे सोडावी, उमेदवारांनी कौन्सिले सोडावी, असा तो कार्यक्रम. दादासाहेबांस तो रुचला नाही. तीस वर्षांपूर्वी सरकारची खुर्ची सोडताना ज्याने एकदा विचार केला होता, त्यास लोकांनी दिलेली खुर्चीही सोडावी हे पटेना. त्यांनी राष्ट्रीय सभेचा निरोप घेतला व कौन्सिल ऑफ स्टेट या नव्या वरिष्ठ सभेत प्रवेश केला. आमच्या मते येथे त्यांचा अंदाज चुकला. लोक ज्या बाजूस चालले होते ती बाजू ओळखण्यात त्यांची जुनी नजर कमी पडली, व हजारोंच्या सभा गाजविणारा पुरुष मूठभर धनिक मतदारांच्या सभागृहात जाऊन बसला. पण त्यांनी आपले मत लपविले नाही, किंवा टाळ्यांसाठी बदललेही नाही.

तेथे त्यांचे पद कोणते होते हे सांगितले म्हणजे आरंभी केलेल्या सूचनेचा उलगडा होईल. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ते ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे. आणि जे ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे तेथला मनुष्य कौन्सिलचा निवडलेला सभासद कसा होणार? यावर तोड निघाली ती अशी: वऱ्हाडात रीतसर निवडणूक घ्यावयाची, मते मोजावयाची, आणि जो विजयी होईल त्यास सरकारने नेमावयाचे. लोकांनी निवडलेल्या वऱ्हाडी प्रतिनिधीचे नाव दप्तरी सरकारनियुक्त म्हणून नोंदले जाई. १८९० साली नेमणुकीची जागा सोडून आलेल्या दादासाहेबांस तीस वर्षे मते मागितल्यावर शेवटी बसावयास मिळाली ती नेमणुकीचीच जागा! १९२५ पर्यंत ते तेथे होते.

त्यानंतरचे दिवस अमरावतीस शांतपणे गेले. १९३६ च्या जानेवारीत नागपुरास हायकोर्ट स्थापन झाले आणि वऱ्हाडचे दावे ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टाऐवजी तेथे जाऊ लागले, हे त्यांनी पाहिले. मुधोळकर १९२१ सालीच निवर्तले होते. त्यांचे चिरंजीव जनार्दन रघुनाथ मुधोळकर हे पुढे स्वतंत्र हिंदुस्थानच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, व राज्यघटनेचा गाभाच बदलण्याचा अधिकार पार्लमेंटास आहे काय, ही शंका १९६५ सालच्या सज्जनसिंग खटल्यात त्यांनी उपस्थित केली. आठ वर्षांनी केशवानंद भारती खटल्यात त्याच शंकेचे उत्तर तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने दिले. अमरावतीच्या त्या जुन्या वकीलमंडळीपासून येथवर वाट येते.

दादासाहेब खापर्डे १ जुलै १९३८ रोजी वयाच्या चौऱ्यायशीव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या रोजनिशीच्या वह्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत. कोर्टात कोण आले, जेवावयास किती पाने झाली, कोणाचे भाषण फसले, रात्री झोप कशी लागली, हे सारे त्यांत एकाच शाईने लिहिलेले आहे.